श्रॉपशायरच्या टेकड्या आणि शेतवाटा: पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांसाठी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: आपले आईवडील जुलैअखेर सहा आठवड्यांसाठी पुण्याहून बर्मिंगहॅमला येत आहेत, दोघांनीही साठी ओलांडली आहे, तरी महिन्यातून दोनदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतात, त्यांना श्रॉपशायरमध्ये तीन-चार दिवस पायी हिंडवायचे आहे. कोणत्या वाटा निवडाव्यात, ही आपली पहिली शंका. लोकांच्या शेतांतून जाताना कोणी हटकले तर काय करावे, ही दुसरी. मी बावीस वर्षे याच काउंटीत राहतो आणि सुटीच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन या टेकड्यांवर चालतो. त्या अनुभवावरून दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती मनात असेपर्यंत माणूस येथे मोकळेपणाने चालूच शकत नाही.

आपल्याकडे शेतकऱ्यांमध्ये ‘वहिवाट’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. अमुक बांधावरून तमुक गटाकडे जाण्याची वहिवाट आहे की नाही, यावरून तहसीलदारांपुढे वर्षानुवर्षे दावे चालतात. इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाट ही त्याच कल्पनेची मोठी बहीण समजावी. फरक एवढाच की येथे तो हक्क शेजारच्या शेतकऱ्यापुरता नसून जगातल्या कोणाचाही आहे, आणि त्यात आपले आईवडीलही आले. जमीन खासगीच असते, परंतु तिच्यावरून जाणारी वाट कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्ता असते. 1949 च्या कायद्याने या वाटांची अधिकृत नोंद करून नकाशे तयार करण्याचे काम स्थानिक प्रशासनाकडे सोपवले. त्याआधी 24 एप्रिल 1932 रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर शेकडो चालणाऱ्यांनी बंदी मोडून प्रवेश केला होता आणि त्यांपैकी काहींना तुरुंगवासही झाला होता. चालण्याचा हक्क येथे असा लढून मिळवलेला आहे, म्हणून लोक तो जपतात. पुढे 2000 च्या कायद्याने डोंगरमाथे, माळराने आणि नोंदणीकृत सामाईक जमिनी यांवर वाट सोडूनही पायी फिरण्याची मुभा दिली. श्रॉपशायरमधील लाँग मिंडचे पठार या मुभेत येते. त्याच्या पायथ्याची शेते मात्र येत नाहीत, तेथे वाटेवरूनच चालावे लागते.

वाट ओळखावी कशी? फाटकांवर आणि खांबांवर बाणांच्या लहान चकत्या लावलेल्या असतात. पिवळा बाण असेल तर वाट फक्त पायी जाणाऱ्यांची. निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येऊ शकतात. लाल बाणाच्या वाटेवर मोटारीही येऊ शकतात. चकत्या मात्र गळून पडतात, वेलींखाली झाकल्या जातात, म्हणून खरा आधार नकाशाचा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेची नारिंगी मुखपृष्ठाची ‘एक्सप्लोरर’ मालिका 1:25,000 प्रमाणावर असते, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, आणि तिच्यात शेतांची कुंपणेसुद्धा दिसतात. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे पायवाट, हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे घोडेवाट. आपल्या वडिलांनी गावनकाशा पाहिलेला असेल तर त्यातल्या पायमार्गाच्या तुटक रेघेची त्यांना लगेच आठवण होईल. पुढे सुचवलेल्या वाटांपैकी लाँग मिंड आणि वेनलॉक एजसाठी 217 क्रमांकाचा, तर रीकिनसाठी 242 क्रमांकाचा नकाशा घ्यावा. फोनवर नकाशा असला तरी कागदी प्रत सोबत हवीच. दऱ्यांमध्ये नेटवर्क जाते आणि थंडीपावसात बॅटरी झपाट्याने उतरते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझ्या गटात साताऱ्याकडच्या एक काकू होत्या. नकाशावरची हिरवी रेघ एका मोठ्या गव्हाच्या शेतातून तिरकी पलीकडे जात होती. गहू कमरेइतका, पिवळा पडू लागलेला, आणि त्यातून जेमतेम हातभर रुंदीची पट्टी मोकळी सोडलेली. आम्ही सगळे त्या पट्टीत शिरलो आणि मागे वळून पाहिले तर काकू बांधाने लांबचा वळसा घालून चालल्या होत्या. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, ही त्यांची लहानपणापासूनची शिकवण. वळणावर शेतकरी भेटला. त्याने अगदी नम्रपणे त्यांना सांगितले की वाट मधून आहे, बांधावरून नाही. काकूंना ते खरेच वाटेना. ज्या कृतीला त्या सभ्यपणा समजत होत्या, तिनेच त्या वाटेबाहेर गेल्या होत्या. कायदा असा आहे की शेतातून आडव्या जाणाऱ्या पायवाटेवर नांगरट केली तरी शेतकऱ्याने ठरावीक मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची आणि किमान एक मीटर रुंदी पिकापासून मोकळी ठेवायची. तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा: पीक उभे असले तरी मधूनच जायचे, फक्त एकामागे एक, रांगेने. मी त्या दिवशी ही गोष्ट आधी सांगायला हवी होती. आता प्रत्येक गटाला निघण्यापूर्वी सांगतो.

कोणी हटकलेच, तर शांतपणे नकाशा उघडून रेघ दाखवावी. बहुतेक वेळा आपणच पन्नास पावले चुकलेले असतो आणि शेतकरी हाताने दिशा दाखवतो. वाट सोडून खासगी जमिनीत गेल्यास तो सर्वसाधारणपणे दिवाणी स्वरूपाचा विषय असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण चूक आपली असेल तर ती मान्य करून परत फिरावे. काही वाटा घराच्या अंगणातून, गोठ्याच्या दारातून जातात. तेथे संकोच वाटतो, तरीही चालत राहावे, थांबून फोटो काढू नयेत. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे: बंद असेल तर मागच्या माणसाने बंद करावे, मुद्दाम उघडे बांधून ठेवले असेल तर उघडेच राहू द्यावे, कारण त्यातून जनावरे पाण्यावर जात असतात.

कुंपण ओलांडायला दोन प्रकारच्या सोयी असतात. एक म्हणजे लाकडी पायऱ्या, ज्यांना स्टाइल म्हणतात. कोकणात गडग्यावरून चढून पलीकडे उतरण्यासाठी दगड ठेवतात, तसाच प्रकार. ओल्या लाकडावर शेवाळ असते, म्हणून शिडी उतरतो तसे कुंपणाकडे तोंड करून उतरावे. दुसरे किसिंग गेट. अर्धगोल कठड्यात हलणारे लहान फाटक असते. ते पुढे ढकलून कठड्याच्या कोपऱ्यात उभे राहायचे, फाटक आपल्या मागे आणायचे आणि पलीकडे निघायचे. गुरांना ही युक्ती जमत नाही. पाठीवर मोठी पिशवी असेल तर ती आधी काढून हातात घ्यावी.

गाईंविषयी मी विशेष गांभीर्याने लिहितो, कारण आपल्या लोकांची चूक नेमकी येथे होते. गाय दिसली की आपला हात आपसूक पुढे जातो. येथे उन्हाळ्यात गाई वासरांसह मोकळ्या चरतात, त्यांना दावे नसते, आणि अनोळखी माणूस वासराच्या जवळ गेला तर त्या अंगावर येऊ शकतात. अशा प्रसंगांत इंग्लंडमध्ये माणसे दगावलीही आहेत. कळप वाटेवरच बसलेला असेल तर लांबून वळसा घालावा. धोका टाळण्यासाठी थोडे वाटेबाहेर जाणे येथे समजून घेतले जाते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये, आणि पळू नये. सोबत कोणाचा कुत्रा असेल आणि गाई मागे लागल्या, तर त्याची दोरी सोडून द्यावी. गाईंचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो आपली सुटका करून घेतो.

आता वाटा.

पहिल्या दिवशी रीकिन. उंची 407 मीटर, बर्मिंगहॅमपासून सर्वांत सोयीची, आणि पायथ्याच्या फॉरेस्ट ग्लेनच्या वाहनतळापासून माथ्यापर्यंत रुंद, सरळ वाट. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर. रोज पर्वती चढणाऱ्या पुणेकराला ही टेकडी घरची वाटेल: तीच रोजची मंडळी, तेच एकमेकांना नमस्कार करणे, आणि अर्ध्या वाटेवर चहाची जागा. खडक ज्वालामुखीचा आहे, पण आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या मानाने कितीतरी प्राचीन, कोट्यवधी वर्षे जुना. या टेकडीची लोककथा आईंना जरूर सांगा. श्रूजबरी गावावर रुसलेला एक राक्षस फावडेभर माती घेऊन सेव्हर्न नदी अडवायला निघाला होता. वाटेत त्याला एक चांभार भेटला. गाव किती दूर, असे राक्षसाने विचारताच चांभाराने खांद्यावरचे पोते रिकामे केले आणि सांगितले, श्रूजबरीहून येथवर येताना हे एवढे जोडे झिजले. राक्षसाने कंटाळून माती तेथेच टाकली, तीच रीकिन. दुरुस्तीला आणलेल्या फाटक्या जोड्यांनी गाव वाचवले.

माथ्यावर ‘हिलफोर्ट’ आहे, असे फलकावर वाचून पुण्याच्या माणसाच्या मनात तटबंदी, बुरूज आणि पाण्याची टाकी उभी राहतात. तशी अपेक्षा ठेवू नये. हे लोहयुगातील वसाहतींचे किल्ले. आज त्यांचे मातीचे चर आणि बांध तेवढे उरले आहेत, तेही गवताखाली. पण बांधाच्या कडेने चालताना प्रवेशद्वाराची जागा अचूक ओळखणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि ते सगळे गड फिरलेले लोक होते.

दुसरा दिवस लाँग मिंडला द्यावा. सगळ्या सहलीत एकच दिवस मिळणार असता तरी मी तो येथेच दिला असता. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकावरून श्रूजबरीपर्यंत सुमारे तासाभराचा प्रवास, तेथे गाडी बदलून पंधरा-वीस मिनिटांत चर्च स्ट्रेटन. स्थानकातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांत डोंगर सुरू होतो, मोटारीची गरजच नाही. श्रूजबरीत गाडीला वेळ असेल तर मधल्या चौकात 1860 साली उभारलेला रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा दिसेल. तो याच काउंटीत 1725 साली जन्मला आणि प्लासीच्या आदल्या वर्षी, 1756 मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावरील मोहिमेत इंग्रज सैन्याचा सेनानी होता. कोकणातल्या माणसाने त्या पुतळ्यापुढे उभे राहिले की जे वाटते, ते मी प्रत्येकाच्या मनावर सोडतो.

लाँग मिंडचे ‘मिंड’ हे डोंगराला असलेल्या वेल्श शब्दातून आलेले आहे. वर सपाट, लांबलचक पठार, आणि पूर्वेच्या कडेला त्यात खोल कोरलेल्या घळी. मी सुचवतो ती वाट अशी: गावातून कार्डिंग मिल व्हॅलीत शिरावे. ही दरी आणि पठाराचा मोठा भाग 1965 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तेथे स्वच्छतागृहे आणि चहाची सोय आहे, पुढे डोंगरावर यांपैकी काहीच मिळणार नाही, हे लक्षात ठेवावे. ओढ्याच्या काठाने चढत पठारावरच्या पोर्टवे या अतिप्राचीन मार्गाला लागावे आणि डावीकडे वळून 516 मीटर उंचीच्या पोल बँकवर पोहोचावे. तेथे धातूचा दिशाफलक आहे. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला वेल्सचे डोंगर एकामागे एक फिकट होत गेलेले दिसतात. उतरताना अ‍ॅशेस हॉलो ही घळ धरून लिटल स्ट्रेटन गावात यावे आणि तेथून दोन-अडीच किलोमीटर चालून स्थानक गाठावे.

एकूण अंतर सुमारे 12 किलोमीटर, चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सिंहगडापेक्षा बराच कमी. तरीही आकड्यांवर विसंबू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हिशेब येथे अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे तीन तास होतात. साठीच्या पाहुण्यांसाठी, डबा आणि विश्रांती धरून, मी पाच तास धरतो. अ‍ॅशेस हॉलोमध्ये वाट ओढा वारंवार ओलांडते आणि दगड बुळबुळीत असतात. आपल्या लोकांना चढाची सवय असते, दमही असतो. थकतात ते गुडघे, आणि तेही उतरणीवर. दोन काठ्या भाड्याने किंवा विकत घ्याव्यात. आईंना गुडघ्याची थोडी जरी तक्रार असेल तर हॉलोचा नाद सोडून आल्या वाटेने परतावे, त्यात काहीही कमीपणा नाही.

ऑगस्टमध्ये हे पठार हेदर या झुडपाच्या फुलांनी जांभळे होते. त्याच्यामध्ये गुडघ्याखालच्या उंचीची दुसरी झुडपे असतात, त्यांना गडद निळी, वाटाण्याएवढी फळे लागतात. बाहेर त्यांना बिलबेरी म्हणतात, श्रॉपशायरमध्ये विनबेरी. तोडताना बोटे आणि खाताना जीभ जांभळी होते. माझ्या आईने पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा ती पठारावर बसूनच राहिली, आणि महाबळेश्वरच्या वाटेवर द्रोणात मिळणाऱ्या जांभळा-करवंदांविषयी अर्धा तास बोलत होती. खाण्यापुरती मूठभर तोडायला कोणी हरकत घेत नाही. फळ नक्की ओळखता आले पाहिजे, एवढीच अट.

तिसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत आणि ते हवामान पाहून ठरवावेत. आकाश निरभ्र असेल तर स्टायपरस्टोन्स: 536 मीटर उंचीची धार, तिच्यावर सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीच्या क्वार्टझाइटचे उघडे कडे. त्यांपैकी एकाला सैतानाची खुर्ची म्हणतात. ढग उतरले की तो तेथे येऊन बसतो, असा समज आहे. अंतर थोडे, पण पायाखाली सगळे सुटे, धारदार दगड. आपल्याकडच्या घसाऱ्यावर चाललेल्या माणसालाही येथे घोटा सांभाळावा लागतो. पाऊस असेल तर वेनलॉक एज: चुनखडीची तीसेक किलोमीटर लांब, झाडीने झाकलेली कड, जिचा थोडासा तुकडा चालणे पुरेसे आहे. हा दगड म्हणजे 42 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ, उष्ण समुद्रातील प्रवाळ, आणि त्यात जीवाश्म डोळ्यांनी दिसतात. जवळच्या मच वेनलॉक गावात डॉ. विल्यम पेनी ब्रुक्स यांनी 1850 मध्ये क्रीडास्पर्धा सुरू केल्या. 1890 मध्ये पिएर द कुबर्तँ त्या पाहायला आले आणि सहा वर्षांनी अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले. केअर कॅराडॉक ही 459 मीटरची देखणी टेकडी तुम्हाला चर्च स्ट्रेटनमधून सतत खुणावेल. तिची उतरण फार उभी आहे, म्हणून आईवडिलांसाठी मी ती सुचवत नाही.

हवामानाविषयी एक सत्य घटना. 29 जानेवारी 1865 या रविवारी रेव्हरंड डोनाल्ड कार नावाचे धर्मोपदेशक रॅटलिंगहोपमधील प्रार्थना आटोपून लाँग मिंडवरून आपल्या गावी परत निघाले. ही वाट त्यांच्या पायाखालची होती. बर्फाच्या वादळात ते चुकले, रात्रभर भटकले, बूटही हरवले, आणि दुसऱ्या दिवशी कार्डिंग मिल व्हॅलीत, मुलांच्या आवाजाच्या रोखाने चालत, जिवंत पोहोचले. ऑगस्टमध्ये बर्फ पडत नाही, पण ढग अर्ध्या तासात उतरू शकतो आणि सपाट पठारावर सगळ्या दिशा सारख्या दिसतात. अशा वेळी पोर्टवेचा रुंद मार्ग सोडू नये.

कपड्यांत जीन्स नको. भिजली की वाळत नाही. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वरून पाणी न शिरणारे जाकीट, लोकरी मोजे आणि घोटा झाकणारे, आधी पुण्यातच वापरून मऊ केलेले बूट. पँट पूर्ण लांबीची हवी, कारण नेचांच्या झाडीत गोचीड असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत तपासावे आणि गोचीड सापडल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावा. लाइम आजाराचे वर्तुळाकार लाल चट्टे बहुधा एक ते चार आठवड्यांनी उमटतात, म्हणजे तोवर आईवडील कदाचित पुण्यात परतलेले असतील. तेथील डॉक्टरांना इंग्लंडमध्ये गवताझाडीत फिरल्याचे आवर्जून सांगायचे, हे त्यांना निघण्यापूर्वी लिहून द्यावे.

अडचण आल्यास 999 वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावी. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास परदेशी पाहुण्यांना खर्च भरावा लागतो, म्हणून प्रवासविमा काढताना त्यात डोंगरातील पायी चालणे समाविष्ट आहे का, ते पाहून घ्यावे.

जेवण सोबतच न्यावे. गावातल्या पबची स्वयंपाकघरे दुपारी अडीच-तीनला बंद होतात आणि डोंगरावरून उतरणारे आपले लोक नेमके साडेतीनला पोहोचतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी हे सगळे उत्तम टिकते. पबमध्ये नुसता चहा घ्यायलाही जाता येते. चिखलाचे बूट दाराशी काढून मोज्यांनी आत गेलेले चालते.

चौथा दिवस मोकळा ठेवा. आदल्या रात्री नकाशा टेबलावर पसरून वडिलांना एखादे गाव निवडू द्या आणि त्या गावाभोवती हिरव्या रेघा जोडून पाच-सहा किलोमीटरचा फेरा त्यांनाच आखू द्या. फेरा आखताना दोन गोष्टी तपासायच्या: मोटाररस्त्यावरचा तुकडा शक्य तितका आखूड असावा, आणि रेघ नदी ओलांडते तेथे नकाशावर पूल दाखवलेला असावा. ऑगस्टच्या सुरुवातीला रात्री नऊच्या आसपास आणि अखेरीस आठनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारच्या चहानंतर निघालात तरी वेळ पुरेल.